घराण्यातला बीपी: वाचकांचे प्रश्न

“बीपी आमच्या घराण्यातच आहे” हे वाक्य या वेळच्या बहुतेक पत्रांत आहे. कोणी ते धास्तीने लिहिलंय, कोणी हात टेकून. म्हणून या अंकाचं सदर आनुवंशिकता आणि रक्तदाब या एकाच विषयाला दिलं आहे. पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे, नावं गाळली आहेत.

प्रश्न: माझं वय ३४. बाबांना ५१व्या वर्षी लकवा मारला आणि बीपी आहे हे तेव्हाच कळलं. आजीलाही बीपी होता. मला काही त्रास नाही, दिवसभर वावरात राबतो. मला होणारच का?
(शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

होणारच असं नाही. पण ज्याच्या घरात कोणालाच बीपी नाही त्याच्यापेक्षा तुमची शक्यता जास्त आहे. किती जास्त, हे आईवडिलांना तो कोणत्या वयात जडला यावर बरंच ठरतं. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या हजारावर पुरुष विद्यार्थ्यांचा पन्नासहून अधिक वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांच्या आईवडील दोघांनाही उच्च रक्तदाब होता त्यांना तो होण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. दोघांनाही पंचावन्नच्या आत झालेला असेल तर सहापट. म्हणजे सत्तरीतला बीपी आणि पन्नाशीतला बीपी घराण्याच्या हिशेबात एकाच रकान्यात लिहायचे नाहीत. तुमच्या बाबांना ५१व्या वर्षी लकवा झाला, तर बीपी त्याआधी कित्येक वर्षं असणार, फक्त कोणी मोजला नव्हता.

आता बाबांकडून आलं काय ते पाहू. बीपीचा असा एक जीन नसतो. २०१८ मध्ये दहा लाखांवर लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा रक्तदाबाशी जोडलेल्या डीएनएवरच्या जागा नऊशेच्या वर गेल्या. पुढे त्यात भरच पडली आहे. यातल्या बहुतेक जागांवरचा बदल रक्तदाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरनेसुद्धा हलवत नाही. पण चढवणारे बदल एकाच माणसात जास्त साचले तर बेरीज मोठी होते. ज्यांच्यात सर्वांत जास्त साचले आणि ज्यांच्यात सर्वांत कमी, अशा दोन टोकांच्या गटांत वरच्या आकड्याचा सरासरी फरक दहा मिलिमीटरहून जास्त दिसतो. बाबांच्या डीएनएतला निम्मा वाटा तुम्हाला मिळाला, निम्मा तुमच्या भावाला. पण दोघांना तोच निम्मा मिळाला असं नसतं. म्हणून सख्ख्या भावांतही एकाला बीपी, एकाला नाही असं होतं.

बाबांकडून जीनबरोबर चूलही आली, हे विसरू नका. तोच ठेचा, तेच लोणच्याचं तेल, खर्ऱ्याची तीच पुडी. माणसामाणसांतल्या रक्तदाबाच्या फरकापैकी साधारण ३० ते ५० टक्के फरक आनुवंशिकतेने समजावता येतो. उरलेला इथे आहे.

“त्रास नाही” आणि “वावरात राबतो” या दोन्ही गोष्टींवर विसंबू नका. बीपी दुखत नाही. आणि अंगमेहनतीने तो थोडा उतरतो, पण तेवढ्याने संरक्षण पुरं होत नाही. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा लकवा पहिल्या क्रमांकावर निघाला, सातातला साधारण एक मृत्यू. ही गावं खुर्चीत बसून काम करणाऱ्यांची नव्हती.

तेव्हा या आठवड्यात उपकेंद्रात जाऊन मोजून घ्या. १२०/८० च्या आत असेल तर वर्षातून एकदा पुरे. वरचा आकडा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल, तर तुमच्या घरचा इतिहास पाहता दर तीन महिन्यांनी मोजा आणि मीठ आजच कमी करा. वेगवेगळ्या दोन दिवशी १४०/९० किंवा जास्त आला तर डॉक्टर उपचार सुरू करतील. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोबडं बोलणं, छातीत दुखणं यातलं काही दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका. गुठळीने झालेल्या लकव्यात ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातले दोन तास गाडी शोधण्यात जातात.

आणखी एक काम करा, याला पैसा लागत नाही. वहीच्या एका पानावर आईवडील, सख्खी भावंडं, दोन्हीकडचे आजीआजोबा, काका-आत्या, मामा-मावश्या लिहा. प्रत्येकापुढे लिहा: बीपी कोणत्या वयात निघाला, लकवा किंवा हार्ट अटॅक कोणत्या वयात, किडनीचा आजार किंवा डायलिसिस, बाळंतपणात बीपी वाढला होता का. “म्हातारपणी गेले” यातून डॉक्टरला काही कळत नाही. “वय ४५, रात्री डोकं दुखत होतं, सकाळी उठलेच नाहीत” यातून फार कळतं. हे पान डॉक्टरला दाखवा आणि त्याचा फोटो भावाबहिणींना पाठवा. ते त्यांचंही आहे.

प्रश्न: आमच्या शाळेत मुलांची सिकलसेल तपासणी होते. तशी बीपीच्या जीनची तपासणी का होत नाही? एका कंपनीचा माणूस थुंकीच्या नमुन्यावरून ‘बीपीचा धोका’ सांगणारी डीएनए चाचणी विकायला आला होता. घ्यावी का?
(शिक्षिका, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली)

तो पैसा रक्तदाब मोजायच्या चांगल्या यंत्रावर घाला.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जीनमधलं एक अक्षर बदललेलं असतं. एका बाजूने आलं तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बाजूंनी आलं तर एसएस, म्हणजे रुग्ण. नवराबायको दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. इथे चाचणीचं उत्तर पक्कं मिळतं आणि त्यावर लग्नाचा, गरोदरपणातल्या तपासणीचा, उपचाराचा निर्णय घेता येतो. म्हणूनच ती शाळेत करतात.

बीपीत हजारभर जागांची बेरीज असते. त्यावरून ‘जनुकीय गुण’ काढता येतो, संशोधनात त्याचा उपयोगही आहे. पण तो गुण बेतला आहे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर, त्यामुळे आपल्याकडे त्याचा नेम ढळतो. बाजारातले काही अहवाल तर एसीई, एजीटी अशा दोनचार जीनवरच निकाल देतात, आणि त्या एकेका जीनचा वाटा फार लहान आहे. शिवाय अहवालात ‘धोका जास्त’ आलं काय नि ‘कमी’ आलं काय, डॉक्टरचा सल्ला तोच राहतो. उलट ‘कमी’ वाचून माणूस मोजायचं सोडतो, हे जास्त वाईट. दंडाला बांधलेला पट्टा मात्र सगळे जीन, मीठ, वजन, झोप, तंबाखू यांची आज झालेली बेरीज एका आकड्यात सांगतो.

तुमच्या जिल्ह्यासाठी एक खास सूचना. एसएस रुग्णांचा रक्तदाब इतरांपेक्षा मुळातच कमी असतो. त्यामुळे अशा तरुण रुग्णाचा १३०/८० आला तर “नॉर्मलच आहे” म्हणून सोडू नका, सिकलसेलचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवा आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या.

प्रश्न: शिबिरात बीपी १५६/९४ निघाला, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) १३८/८६, घरी भावाच्या यंत्रावर १२८/८२. माझ्या आईला बीपी आहे. खरा कोणता धरू?
(गृहिणी, आर्वी, जि. वर्धा)

एवढ्यावरून तिन्हीपैकी एकही नाही. बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसतो, बसण्यात असतो.

शिबिराचं चित्र डोळ्यांपुढे आणा. उन्हातून चालत आलात, रांगेत चहा घेतला, स्टुलावर पाठीला आधार नाही, पाय लोंबकळताहेत, हात मांडीवर, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधलेला, आणि नर्सताई नाव-गाव विचारताहेत म्हणून तुम्ही बोलताय. यातली प्रत्येक गोष्ट आकडा चढवते. हाताचं तर साधं गणित आहे: दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला की आकडा सुमारे ७ ते ८ मिलिमीटर जास्त येतो. बाही वर सरकवून दंडावर घट्ट बसली तरी आकडा चुकतो. दंड मोकळाच हवा.

सर्वांत जास्त चूक पट्ट्याच्या मापात होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. बहुतेक यंत्रांसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. पट्ट्यावर ते छापलेलं असतं, वाचा. घेर ३२ च्या वर असेल तर तो पट्टा आखूड पडतो आणि आकडा खोटाच जास्त दाखवतो. आपल्या भागात उलटी अडचणही तेवढीच आहे: काटक बायांचा दंड २० सेंटिमीटरचा, आणि पट्टा सैल. मग आकडा खोटाच कमी येतो आणि खरा बीपी निसटतो. अशा वेळी लहान पट्टा मागून घ्या. मनगटावरची यंत्रं घेऊच नका.

आता घरी सात दिवस असं करा. सकाळी उठून लघवीला जाऊन या, चहा, खर्रा, तंबाखू यांच्या आधी आणि बीपीची गोळी सुरू असेल तर तिच्याही आधी मोजा. टेकून बसा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प. दंड टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या पातळीला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. एकदा मोजा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. संध्याकाळी परत दोनदा. सगळे आकडे लिहा. वाईट आलेला गाळून चांगला ठेवायचा नाही. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हाताचा जास्त येईल तोच पुढे धरा. घरच्या सरासरीला मर्यादा १३५/८५ ची, दवाखान्यातल्या १४०/९० ची नाही.

घरची सरासरी कमी आणि दवाखान्यात जास्त असेल तर डॉक्टरांसमोर चढणारा बीपी म्हणता येईल. त्याला लगेच गोळी लागतेच असं नाही. पण तुमच्या आईला बीपी आहे, तेव्हा दर सहा महिन्यांनी हा सात दिवसांचा क्रम पुन्हा करा.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, घाम गाळणाऱ्याला मीठ लागतंच. आमच्याकडे सगळे सारखंच खातात, पण बीपी फक्त नवऱ्याला आणि दिराला. मग दोष मिठाचा कसा?
(वरोरा, जि. चंद्रपूर)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मीठ सगळ्यांना सारखं लागत नाही, आणि हा फरक बराचसा जन्मजात आहे.

१९६०च्या दशकात अमेरिकेत लुईस डाल या शास्त्रज्ञाने उंदरांच्या दोन जाती निवडून वाढवल्या. दोघांना खारट खाणं दिलं की एका जातीचा रक्तदाब चढायचा, दुसरीचा जवळजवळ हलायचा नाही. पुढे त्यांच्या किडन्यांची अदलाबदल करून पाहिली. मिठाला न जुमानणाऱ्या उंदराला दुसऱ्या जातीची किडनी बसवली तर त्याचाही रक्तदाब चढू लागला. दोष किडनीबरोबर गेला. माणसातही रक्तदाबाच्या बऱ्याच जीनचा धागा तिथेच पोचतो: मीठ बाहेर टाकायला कोणाच्या किडनीला जास्त दाब लागतो, कोणाच्या किडनीला कमी. तुमच्या नवऱ्याने आणि दिराने एकाच आईबापाकडून तशी किडनी घेतली असावी. त्यांच्यासाठी तेच ताट जास्त महाग पडतं.

मोठ्या माणसाला दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट एक लहान चमचा, सगळं धरून. घरात किती जातं ते असं मोजा: नवीन पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहा. चार मोठी माणसं असतील तर एक किलो मीठ किमान ५० दिवस पुरलं पाहिजे. पंचविसाव्या दिवशी संपलं तर दुप्पट जातंय. उन्हाळ्यात लोणच्याला, कुरड्यांना, सांडग्यांना जाडं मीठ लागतं ते वेगळं मोजा. पापडातलं मीठ निम्मंच दिसतं, कारण पापडखारातही सोडियम असतं. सैंधवही सोडियमच, ‘उपासाचं मीठ चालतं’ हे खरं नाही.

कमी करताना एकदम अळणी करू नका, चार दिवसांत सगळे डबा परत आणतील. आठवड्याला पाव हिस्सा कमी करा, जिभेला सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. कणकेतलं आणि भातातलं मीठ पहिलं बंद करा, ते कोणाला कळत नाही. वरणात लिंबू, भाजीत आंबाडी किंवा चिंच, ठेच्यात लसूण जास्त. बीपी असलेल्या माणसाने मीठ निम्म्यावर आणलं तर वरचा आकडा सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास उतरतो. एकेक जीन एक मिलिमीटरही हलवत नाही, हे आठवा.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. मे महिन्यात ४५ अंशांत मजुरी करणाऱ्याच्या घामातून मीठ जातं. पण रोजच्या जेवणात ते भरून निघतं, वर मुद्दाम घ्यावं लागत नाही. खरी काळजी वेगळी आहे: लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर उन्हाळ्यात उभं राहताना चक्कर येऊ शकते. बसून मोजा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० ने पडला तर डॉक्टरला सांगा. गोळी आपल्या मनाने सोडू नका.

बाजारात पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं. ते चांगलं आहे, पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपीची गोळी सुरू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

प्रश्न: धाकट्या भावाचं वय २६, बीपी १७२/११२. तीन गोळ्या सुरू असूनही उतरत नाही. रक्तात पोटॅशियम २.८ आलं. एक काका ३८व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. हे नेहमीचंच आहे का?
(काटोल, जि. नागपूर)

नाही. याला थांबवून ठेवू नका, नागपूरला किंवा सेवाग्रामला किडनीविकार किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे या महिन्यातच न्या. वर हजार जीनची बेरीज म्हटली ती ९९ घरांची गोष्ट. शंभरावं घर असं असतं की तिथे एकच जीन सगळं चढवतो. लहान वय, तीन गोळ्यांना न जुमानणं, कमी पोटॅशियम आणि घरात तरुणपणी रक्तस्राव, या चार खुणा तिकडे बोट दाखवतात.

लिडल सिंड्रोममध्ये किडनीच्या शेवटच्या नळीतलं सोडियम परत ओढणारं दार बंदच होत नाही. त्याचा जीन १९९४ मध्ये सापडला. यात स्पायरोनोलॅक्टोन या गोळीचा उपयोग होत नाही, अमिलोराइडचा होतो. दुसऱ्या एका प्रकारात शेजारचे दोन जीन एकमेकांना चिकटतात आणि अल्डोस्टेरॉन हे किडनीला सोडियम धरून ठेवायला लावणारं संप्रेरक भलत्याच हुकमावर बनू लागतं. अशा घरांत तरुणपणी मेंदूत रक्तस्राव दिसतो; तिथे स्टेरॉइडचा अगदी लहान डोस काम करतो, अर्थात तो तज्ज्ञानेच द्यायचा. दोन्हींत आजार आईबापांपैकी एकाकडून येतो आणि प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. म्हणून निदान झालं तर घरातल्या सगळ्यांची तपासणी होते, आणि डीएनए चाचणीला खरा अर्थ असतो तो इथे.

पण आधी साधं तपासा. तीन गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम तिनेच उतरलं असू शकतं, उलट्या-जुलाबांनीही उतरतं. नमुना देताना मूठ आवळून ठेवली किंवा गावातून प्रयोगशाळेत जाईपर्यंत नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, त्यामुळे २.८ हा आकडा खराच कमी असणार. रेनिन (किडनीतून सुटणारं, रक्तदाब सांभाळणारं द्रव्य) आणि अल्डोस्टेरॉनची तपासणी लागेल. काही गोळ्या त्यासाठी आधी बदलाव्या लागतात, ते तज्ज्ञ सांगतील. किडनीची सोनोग्राफी करा. पायाची नाडी हाताच्या नाडीबरोबर आणि तेवढीच जोरात लागते का, हे तपासायला सांगा. महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) अरुंद असेल तर पायाची नाडी क्षीण लागते. अल्डोस्टेरॉन वाढण्याचं जास्त आढळणारं कारण मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ किंवा वाढ हे आहे, आणि ते बहुधा आनुवंशिक नसतं. गाठ काढून बीपी सुटल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न: घराणं एकच, जीन एकच. मग बाबांची बीपीची गोळी मी घेतली तर काय बिघडतं? आणि ज्येष्ठमधाचा काढा बीपीला चांगला असं ऐकलं.
(तुमसर, जि. भंडारा)

गोळी जीन पाहून देत नाहीत. वय, किडनी, पोटॅशियम, साखर, गरोदरपण पाहून देतात. अॅम्लोडिपिनने तुमचे पाय सुजतील, बाबांचे सुजत नसतील. टेल्मिसार्टन गरोदर बाईने घेतलं तर पोटातल्या बाळाला घातक आहे. बाबांचा डबा महिन्याच्या मध्येच संपेल तो वेगळाच. तुमची स्वतःची गोळी उपकेंद्रात किंवा पीएचसीत फुकट मिळते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ अखेर सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात भंडारा आणि वर्धा हे आपले दोन जिल्हे होतेच. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक घेत असाल तर तेही सांगा. त्याने बीपी चढतो आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी होतो.

ज्येष्ठमध अजिबात नको. शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक किडनीत निष्प्रभ करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. काही दुर्मीळ घरांत त्याचा जीनच दोन्ही बाजूंनी बिघडलेला असतो आणि लहानपणीच बीपी चढून पोटॅशियम उतरतं. आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या घरांत अशा आजारांची शक्यता वाढते. ज्येष्ठमध नेमकं तेच विकर बंद पाडतं. जीन धडधाकट असलेल्या माणसातही रोजचा काढा तो आजार तात्पुरता उभा करू शकतो.

प्रश्न: पहिल्या बाळंतपणात बीपी वाढून झटके आले होते. बाळ १९०० ग्रॅमचं. आता बीपी ठीक आहे. पुढे काही?
(पांढरकवडा, जि. यवतमाळ)

हो, दोघांसाठीही. गरोदरपणात असा बीपी झालेल्या बाईला पुढे कायमचा बीपी होण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. दरवर्षी मोजा, आणि पुढचं गरोदरपण ठरवताना आधीच डॉक्टरला सांगा. बाराव्या आठवड्यानंतर लवकरच कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू केली तर पुन्हा तसं होण्याचा धोका घटतो. आईच्या, बहिणीच्या बाळंतपणात असं झालं होतं का, तेही सांगा, कारण हा आजारही घराण्यात चालतो. कमी वजनाच्या बाळाच्या किडनीत गाळण्या मुळातच कमी असतात, त्यामुळे त्याचा बीपी तीन वर्षांनंतर दरवर्षी मोजायला सांगा, लहान मुलांच्या पट्ट्याने. आणि त्याचं वजन झपाट्याने वाढवायच्या नादात बिस्किटं, फरसाण, पाकिटातले चटकदार पदार्थ भरवू नका.